रोजी आणि हक्क: अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या तळागाळातील चळवळी

अमेरिकेतील कृष्णवर्णीय स्त्रियांच्या चळवळीचा इतिहास बराच काळ दुसऱ्यांच्या इतिहासाच्या समासात लिहिला गेला. वंशभेदाविरुद्धच्या लढ्यात त्या पुरुष पुढाऱ्यांच्या मागे दिसतात, तर स्त्रीहक्कांच्या लढ्यात गोऱ्या स्त्रियांच्या मागे. वास्तविक गेल्या दोनशे वर्षांत त्यांनी स्वतःच्या संघटना काढल्या, वृत्तपत्रे चालवली, संप केले, शाळा काढल्या, खटले लढवले. त्यांच्या मागण्या या दोन्ही मोठ्या चळवळींच्या यादीत अनेकदा नव्हत्याच. कारण त्यांचा प्रश्न एकाच वेळी रंगाचा, बाईपणाचा आणि पोटाचा होता. यातली तिसरी बाजू सर्वांत कमी चर्चिली गेली. कोणती बाई उघड लढू शकली, कोणती पडद्याआडून लढली आणि कोणाला लढल्याबद्दल घरदार सोडावे लागले, याचा उलगडा बऱ्याच अंशी एका गोष्टीने होतो: तिची रोजी कोणाच्या हातात होती.

गुलामगिरीत हा प्रश्नच नव्हता. श्रम मालकाचे, शरीर मालकाचे आणि पोटचे मूलही मालकाचे. व्हर्जिनिया वसाहतीने १६६२ साली कायदा केला की मुलाचा दर्जा आईच्या दर्जावरून ठरेल. गोऱ्या मालकापासून गुलाम स्त्रीला झालेले मूल त्यामुळे जन्मतःच गुलाम ठरले, आणि मालकाने केलेल्या अत्याचारातून मालकाचीच मालमत्ता वाढू लागली. अशा व्यवस्थेतून बाहेर पडलेल्या किंवा तिच्या कडेला वाढलेल्या काही स्त्रिया एकोणिसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच जाहीरपणे बोलू लागल्या. बॉस्टनमध्ये मारिया स्ट्युअर्ट यांनी १८३२ साली स्त्री-पुरुषांच्या एकत्र सभेपुढे भाषण केले. बाईने असे बोलणे तेव्हा गोऱ्या समाजातही अशिष्ट मानले जाई. न्यूयॉर्क राज्यात गुलाम म्हणून जन्मलेल्या सोजर्नर ट्रुथ यांनी, आपल्या मुलाला बेकायदा अलाबामात विकल्याबद्दल कोर्टात दाद मागितली आणि १८२८ मध्ये मुलगा परत मिळवला.

ट्रुथ यांचे १८५१ सालचे अ‍ॅक्रन येथील भाषण आज सर्वत्र उद्धृत होते, पण त्याच्या लोकप्रिय पाठाबाबत सावध राहिलेले बरे. तो पाठ बारा वर्षांनी, १८६३ साली, फ्रान्सिस गेज या गोऱ्या कार्यकर्तीने छापला आणि त्यात ट्रुथ यांच्या तोंडी दक्षिणेकडच्या गुलामांची बोली घातली. ट्रुथ यांची पहिली भाषा डच होती. दक्षिणेत त्या वाढल्याच नव्हत्या. भाषणानंतर लगेच छापलेला वृत्तान्त बराच वेगळा आहे. कृष्णवर्णीय बाईचे म्हणणे पुढे पोचले, पण तिच्या आवाजात नव्हे, हे या इतिहासात वारंवार घडले.

यादवी युद्धानंतर १८६५ मध्ये गुलामगिरी कायद्याने संपली. सुटलेल्या स्त्रियांपुढे कामाचे पर्याय मोजकेच होते: शेतमजुरी, गोऱ्यांच्या घरी स्वयंपाक आणि मुले सांभाळणे, किंवा कपडे धुणे. यांपैकी धुण्याचे काम सर्वांत कष्टाचे होते, तरी विवाहित आणि मुले असलेल्या बायका तेच पसंत करीत. सोमवारी गिऱ्हाइकांच्या घरून गाठोडी आणायची, स्वतःच्या अंगणात पाणी तापवायचे, बिअरची पिंपे कापून केलेल्या टबात कपडे घासायचे, साबण आणि खळ घरीच करायची, कोळशावर तापवलेल्या लोखंडी इस्त्र्या फिरवायच्या आणि शनिवारी घड्या पोचत्या करायच्या. महिन्याची कमाई चार ते आठ डॉलर. पण हे काम मालकिणीच्या नजरेखाली नव्हते. घरातल्या पुरुषाच्या हाताची भीती नव्हती. शिवाय विहिरीपाशी आणि अंगणात चारचौघी एकत्र जमत, दर आणि गिऱ्हाइके यांची चर्चा होई.

या अंगणांतून १८८१ चा अटलांटाचा संप उभा राहिला. जुलै महिन्यात सुमारे वीस जणी एका चर्चमध्ये जमल्या आणि त्यांनी ‘वॉशिंग सोसायटी’ स्थापन केली. मागणी होती, बारा पौंड कपड्यांना एक डॉलर असा एकच दर. घरोघर जाऊन त्यांनी सभासद केले. तीन आठवड्यांत संख्या तीन हजारांवर गेली. काही जणींना अटक झाली, दंड झाले, घरमालकांनी भाडे वाढवण्याची धमकी दिली. नगर परिषदेने धुणाऱ्या प्रत्येक बाईवर वर्षाला २५ डॉलर परवाना शुल्क लावण्याचा प्रस्ताव आणला, म्हणजे काही महिन्यांची कमाई. संपकरी बायकांनी महापौरांना जे पत्र पाठवले त्यात विनवणी नव्हती. शुल्क भरायला आम्ही तयार आहोत, पण मग शहराच्या धुण्याचा धंदा आमच्या हाती राहील आणि दर आम्ही ठरवू, असा त्याचा सूर होता. त्या शरद ऋतूत अटलांटात मोठे कापूस प्रदर्शन भरायचे होते आणि शहराला पाहुण्यांपुढे शोभा नको होती. परिषदेने शुल्काचा प्रस्ताव सोडून दिला. दर प्रत्यक्षात किती वाढले याची नोंद सापडत नाही. मात्र या बायका एकदम हात आखडू शकतात, हे शहराला कळले.

शिक्षिकेची नोकरी याउलट प्रतिष्ठेची, पण पराधीन. आयडा बी. वेल्स यांचे उदाहरण बोलके आहे. मिसिसिपीत १८६२ साली गुलाम म्हणून जन्मलेल्या वेल्स मेम्फिसमध्ये शिकवत असत. तिकीट असूनही रेल्वेच्या महिला डब्यातून खेचून काढल्याबद्दल त्यांनी कंपनीवर दावा लावला, ५०० डॉलर भरपाई मिळवली आणि १८८७ मध्ये टेनेसीच्या सर्वोच्च न्यायालयात ती गमावली. कृष्णवर्णीय मुलांच्या शाळांच्या दुरवस्थेवर टीका केल्यामुळे १८९१ साली त्यांची नोकरी गेली. एव्हाना त्या ‘फ्री स्पीच’ या वृत्तपत्राच्या भागीदार मालक झाल्या होत्या. मार्च १८९२ मध्ये मेम्फिसमधील तीन कृष्णवर्णीय पुरुषांना जमावाने ठार केले. त्यांचे किराणा दुकान शेजारच्या गोऱ्या दुकानदाराच्या धंद्यावर गदा आणत होते, हा त्यांचा खरा गुन्हा. झुंडबळी म्हणजे गोऱ्या स्त्रीवरील बलात्काराची शिक्षा, हा सार्वत्रिक समज वेल्स यांनी प्रकरणागणिक पुरावे गोळा करून खोडून काढला. अनेक प्रकरणांत बलात्काराचा आरोपसुद्धा नव्हता. काहींत संबंध संमतीचे होते. आणि कृष्णवर्णीय स्त्रियांवर गोऱ्या पुरुषांनी केलेल्या बलात्कारांना शिक्षा कधीच होत नव्हती. त्यांचे छापखान्याचे कार्यालय जमावाने फोडले. त्या वेळी त्या गावाबाहेर होत्या म्हणून वाचल्या. पुढचे काम त्यांनी न्यूयॉर्क, ब्रिटन आणि अखेर शिकागोतून केले. ‘सदर्न हॉरर्स’ (१८९२) आणि ‘द रेड रेकॉर्ड’ (१८९५) या त्यांच्या पुस्तिका शोधपत्रकारितेचे आरंभीचे नमुने मानल्या जातात. पुलित्झर समितीने त्यांची विशेष नोंद घेतली ती २०२० साली.

१८९६ मध्ये वॉशिंग्टनमध्ये ‘नॅशनल असोसिएशन ऑफ कलर्ड विमेन’ हा महिला मंडळांचा महासंघ स्थापन झाला. मेरी चर्च टेरेल पहिल्या अध्यक्ष होत्या. बालवाड्या, वृद्धाश्रम, अनाथालये, परिचारिकांची प्रशिक्षण केंद्रे या मंडळांनी स्वतःच्या वर्गणीतून उभी केली, कारण सरकारी सोयी त्यांच्यासाठी नव्हत्या. या मंडळांवर नंतर एक आक्षेप घेतला गेला आणि तो निराधार नाही. सुशिक्षित मध्यमवर्गीय स्त्रियांनी गरीब स्त्रियांना ‘सभ्य’ राहण्याचे धडे दिले. आपले आचरण निष्कलंक ठेवले की गोरा समाज मान देईल, अशी त्यामागची आशा होती. ती फळाला आली नाही. तरी त्या काळात कृष्णवर्णीय बाई म्हणजे चारित्र्यहीन, असे वृत्तपत्रे सर्रास लिहीत असताना अब्रूचा आग्रह हाही प्रतिकाराचा एक प्रकार होता, हे मत इतिहासकार एव्हलिन ब्रुक्स हिगिनबॉथम यांनी बॅप्टिस्ट चर्चमधील स्त्रियांच्या कामाच्या आधारे मांडले आहे.

मताधिकाराच्या चळवळीत गोऱ्या नेत्यांनी दक्षिणेतील पाठिंब्यासाठी कृष्णवर्णीय स्त्रियांना दूर ठेवले. ३ मार्च १९१३ च्या वॉशिंग्टन मोर्चात त्यांना शेवटी चालण्यास सांगण्यात आले. वेल्स यांनी ते नाकारले आणि वाटेत इलिनॉय राज्याच्या तुकडीत शिरून चालल्या. १९२० च्या एकोणिसाव्या घटनादुरुस्तीने स्त्रियांना मत मिळाले, पण दक्षिणेत साक्षरता चाचणी, मतदानकर आणि दहशत यांमुळे कृष्णवर्णीय स्त्रियांसाठी ते कागदावरच राहिले.

याच काळात एक नवा स्वतंत्र व्यवसाय उभा राहिला: केशरचना. मॅडम सी. जे. वॉकर यांच्या केशप्रसाधनांच्या विक्रेत्या आणि पार्लर चालवणाऱ्या स्त्रियांचे गिऱ्हाईक कृष्णवर्णीय आणि मालकही कृष्णवर्णीय. १९१७ साली फिलाडेल्फियात भरलेल्या या विक्रेत्यांच्या परिषदेने धंद्याची चर्चा आटोपून अध्यक्ष विल्सन यांना झुंडबळींविरुद्ध तार केली. पुढे चाळीस वर्षांनी या पार्लरांचे मोल खऱ्या अर्थाने कळले.

बहुसंख्य बायकांना मात्र दुसऱ्यांच्या घरी राबण्यावाचून गत्यंतर नव्हते. महामंदीत न्यूयॉर्कच्या ब्राँक्स भागात त्या सकाळी रस्त्याच्या कोपऱ्यावर उभ्या राहत आणि गोऱ्या गृहिणी घासाघीस करून त्यांना तासाच्या हिशेबाने नेत. एला बेकर आणि मार्व्हेल कुक यांनी १९३५ मध्ये ‘द क्रायसिस’ मासिकात या नाक्यांवर लिहिले तेव्हा त्यांना गुलामांचा बाजार म्हटले. त्याच वर्षी रूझवेल्ट सरकारने सामाजिक सुरक्षा आणि कामगार संघटना यांविषयीचे मोठे कायदे केले, १९३८ मध्ये किमान वेतनाचा कायदा आला. या सगळ्यांतून शेतमजूर आणि घरकामगार वगळले गेले. कायद्यात वंशाचा उल्लेखही नव्हता. पण दक्षिणेतील काम करणाऱ्या बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रिया याच दोन व्यवसायांत असल्याने वगळले कोणाला, हे सांगण्याची गरज उरली नाही.

नागरी हक्क चळवळीचा आरंभ बहुतेक पुस्तकांत १ डिसेंबर १९५५ ला, माँटगमरीतल्या बसमध्ये होतो. रोझा पार्क्स या थकलेल्या शिवणकाम करणाऱ्या बाई जागेवरून उठल्या नाहीत, अशी ती गोष्ट आहे. पार्क्स तेव्हा बारा वर्षांच्या अनुभवी कार्यकर्त्या होत्या. १९४४ मध्ये अलाबामातील अ‍ॅबव्हिल येथे रेसी टेलर या तरुण आईवर चर्चमधून परतताना गोऱ्या पुरुषांनी सामूहिक बलात्कार केला. त्याचा तपास करायला कृष्णवर्णीयांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या एनएएसीपी या संघटनेने पार्क्स यांना पाठवले होते आणि टेलर यांच्यासाठी देशभर मोहीम उभी राहिली होती. दोन ग्रँड ज्युरींनी आरोपपत्र ठेवण्यास नकार दिला. अलाबामा विधिमंडळाने माफी मागितली ती २०११ साली. बसमधील अपमान आणि बायकांच्या शरीरावरचा हल्ला हे दोन्ही माँटगमरीतील स्त्रियांच्या अनुभवात एकाच धाग्यात होते. इतिहासकार डॅनिएल मॅग्वायर यांनी तो धागा तपशिलाने उलगडला आहे.

बस बहिष्काराची तयारीही आधीची. ‘विमेन्स पोलिटिकल कौन्सिल’ १९४६ पासून काम करत होती. तिच्या अध्यक्ष, इंग्रजीच्या प्राध्यापक जो अ‍ॅन रॉबिन्सन यांनी मे १९५४ मध्येच महापौरांना पत्र लिहून बहिष्काराची शक्यता कळवली होती. मार्च १९५५ मध्ये पंधरा वर्षांच्या क्लॉडेट कॉल्व्हिनला जागा न सोडल्याबद्दल अटक झाली, पण पुढाऱ्यांनी तिचा खटला चळवळीचा चेहरा करायचे टाळले. ती गरीब वस्तीतली, वयाने लहान, आणि नंतर गरोदर राहिली. अब्रूचा निकष इथे पुन्हा आडवा आला. पार्क्स यांच्या अटकेच्या रात्री रॉबिन्सन आपल्या महाविद्यालयात गेल्या आणि एक सहकारी व दोन विद्यार्थी यांच्या मदतीने हजारो पत्रके सायक्लोस्टाइल केली. एका कागदावर तीन पत्रके छापून कागद कापायचा. दुसऱ्या दिवशी गठ्ठे शाळा, पार्लर, दुकाने, कारखाने येथे पोचले. पत्रकावर नाव नव्हते. महाविद्यालय राज्य सरकारचे होते आणि रॉबिन्सन यांचा पगारही.

३८१ दिवस चाललेल्या या बहिष्काराचे ओझे मुख्यतः मोलकरणी आणि स्वयंपाकिणींनी पायांवर वाहिले, कारण बसचे बहुसंख्य प्रवासी त्याच होत्या. त्यातल्या जॉर्जिया गिलमोर एका उपाहारगृहात स्वयंपाक करत. बहिष्काराचे पुढारी मार्टिन ल्यूथर किंग यांच्यावरील खटल्यात बसचालकाने केलेल्या अपमानाची साक्ष त्यांनी दिली आणि नोकरी गमावली. किंग यांच्या प्रोत्साहनाने त्यांनी स्वतःच्या घरी खानावळ सुरू केली. त्यांच्या पुढाकाराने बायकांचा एक गट केक, पाय, तळलेली कोंबडी करून विकत असे आणि सभेत पैसे जमा करत असे. गटाचे नाव ‘क्लब फ्रॉम नोव्हेअर’. पैसे कुठून आले असे कोणी विचारले तर कुठूनच नाही, हे खरे उत्तर देता यावे, इतका सरळ त्याचा अर्थ. केक घेणाऱ्यांत गोरेही होते. शहराच्या दुसऱ्या भागातल्या बायकांनी चुरशीने आपला वेगळा गट काढला आणि सभेत कोणाची रक्कम जास्त यावरून टाळ्या पडू लागल्या. या पैशातून बहिष्कारकर्त्यांना नेणाऱ्या मोटारींचे पेट्रोल भरले जाई. ज्या खटल्यामुळे बसमधील विभागणी घटनाबाह्य ठरली त्या ‘ब्राउडर विरुद्ध गेल’ मधील चारही फिर्यादी स्त्रिया होत्या, आणि त्यांत कॉल्व्हिनही होती.

मतदार नोंदणीचे काम सर्वांत धोक्याचे, आणि इथे पार्लरचे महत्त्व कळते. साउथ कॅरोलायना राज्याने एनएएसीपीच्या सभासदांना सरकारी नोकरीची बंदी केली तेव्हा सेप्टिमा क्लार्क यांनी सभासदत्व लपवले नाही. १९५६ मध्ये चाळीस वर्षांची शिक्षिकेची नोकरी गेली. त्या टेनेसीतील हायलँडर फोक स्कूलमध्ये गेल्या आणि तिथून चार्ल्स्टनजवळच्या जॉन्स बेटावर प्रौढांसाठी वर्ग काढला. शिकवायला निवडल्या बर्निस रॉबिन्सन. त्या शिक्षिका नव्हत्या, पार्लर चालवत. नेमकी हीच त्यांची पात्रता: गोऱ्या शाळाखात्याला त्यांना काढता येत नव्हते, आणि खेड्यातल्या माणसांना कमी लेखायची शिक्षकी सवय त्यांना नव्हती. जानेवारी १९५७ मध्ये किराणा दुकानाच्या मागच्या खोलीत वर्ग भरला. तुम्हाला काय शिकायचे आहे, असे त्यांनी पहिल्या दिवशी विचारले. स्वतःचे नाव लिहायचे, बायबल वाचायचे, टपालाने माल मागवण्याचा अर्ज भरायचा, अशी उत्तरे आली. अभ्यासक्रम त्यावरच बेतला गेला आणि त्याच्या जोडीला मतदार नोंदणीसाठी वाचावा लागणारा राज्यघटनेचा उतारा. हे ‘सिटिझनशिप स्कूल’ पुढे दक्षिणेत सर्वत्र पसरले आणि हजारो लोक त्यांतून मतदार झाले. मिसिसिपीतील क्लार्क्सडेलमध्ये व्हेरा मे पिगी यांनी आपल्या पार्लरमध्येच असे वर्ग घेतले.

एला बेकर यांनी या कामाला विचारांची चौकट दिली. १९४०च्या दशकात त्यांनी एनएएसीपीच्या शाखा गावोगाव बांधल्या, किंग यांच्या संघटनेचे कार्यालय उभे केले, आणि तिथल्या धर्मोपदेशक पुरुषांच्या कारभाराला कंटाळून एप्रिल १९६० मध्ये विद्यार्थ्यांना स्वतंत्र संघटना काढायला बळ दिले. ती ‘स्निक’ या नावाने ओळखली जाते. एका मोठ्या पुढाऱ्यावर अवलंबून राहणारी माणसे पुढारी गेल्यावर हताश होतात. स्थानिक माणसांना निर्णय घेता आले पाहिजेत, असा त्यांचा आग्रह. २८ ऑगस्ट १९६३ च्या वॉशिंग्टनच्या प्रचंड सभेत एकाही स्त्रीला प्रमुख भाषण मिळाले नाही, हे पाहता तो आग्रह अनाठायी म्हणता येत नाही.

स्निकच्या कार्यकर्त्यांना मिसिसिपीत भेटल्या फॅनी लू हेमर. वीस भावंडांतल्या सर्वांत धाकट्या, लहानपणापासून कापूस वेचणाऱ्या, पुढे अर्धेलीच्या मळ्यावर हजेरी-वजनाची नोंद ठेवणाऱ्या. १९६१ साली एका शस्त्रक्रियेत त्यांना न विचारता त्यांचे गर्भाशय काढले गेले. गरीब कृष्णवर्णीय स्त्रियांबाबत हे दक्षिणेत इतके नित्याचे होते की त्याला उपरोधाने मिसिसिपीचे अपेंडिक्सचे ऑपरेशन म्हणत. ३१ ऑगस्ट १९६२ ला त्या मतदार नोंदणीसाठी इंडियनोलाला गेल्या आणि त्याच रात्री मळेवाल्याने त्यांना घराबाहेर काढले. अठरा वर्षांचा आसरा एका दिवसात गेला. जून १९६३ मध्ये विनोना येथील तुरुंगात त्यांना अमानुष मारहाण झाली. ऑगस्ट १९६४ मध्ये डेमोक्रॅटिक पक्षाच्या अटलांटिक सिटीतील अधिवेशनात, मिसिसिपीच्या गोऱ्या प्रतिनिधींना आव्हान देणाऱ्या मंडळातर्फे, त्यांनी हे सगळे समितीपुढे सांगितले. दूरचित्रवाणीवरील प्रक्षेपण तोडण्यासाठी अध्यक्ष जॉन्सन यांनी घाईने पत्रकार परिषद घेतली, पण साक्ष संध्याकाळी देशभर दाखवली गेली. तडजोड म्हणून देऊ केलेल्या दोन जागा त्यांच्या प्रतिनिधी मंडळाने नाकारल्या.

हेमर यांच्या नंतरच्या कामाकडे अभ्यासकांचे लक्ष उशिरा गेले. मताचा हक्क १९६५ च्या कायद्याने मिळाला, पण मत देणाऱ्याला मळ्यावरून हाकलून उपाशी मारता येते, हे त्यांनी भोगले होते. म्हणून १९६९ मध्ये त्यांनी सनफ्लावर काउंटीत ‘फ्रीडम फार्म’ ही सहकारी शेती सुरू केली. भाजीपाला कुटुंबांसाठी, कापूस आणि सोयाबीन कर्ज फेडण्यासाठी. जोडीला ‘पिग बँक’: कुटुंबाला एक गाभण डुकरीण द्यायची, पिल्ले झाली की त्यातली काही बँकेत परत करायची, ती दुसऱ्या कुटुंबाला. पूर, दुष्काळ, कर्ज आणि हेमर यांचे आजारपण यांमुळे १९७०च्या दशकाच्या मध्यास शेती बंद पडली.

शहरांत हाच प्रश्न सरकारी मदतीच्या रूपात उभा होता. मुले असलेल्या निराधार मातांना मिळणाऱ्या अनुदानासाठी अधिकारी रात्री अपरात्री घरात शिरून पुरुषाचा बूट सापडतो का पाहत. अलाबामात आईचे एखाद्या पुरुषाशी संबंध असले की अनुदान बंद. हा नियम सर्वोच्च न्यायालयाने १९६८ मध्ये ‘किंग विरुद्ध स्मिथ’ खटल्यात रद्द केला. लॉस एंजेलिसच्या वॉट्स भागात जॉनी टिलमन यांनी १९६३ मध्ये अशा मातांची संघटना काढली. लाँड्रीत काम करताना त्या युनियनच्या प्रतिनिधी होत्या, त्याचा उपयोग झाला. मुले वाढवणे हेही काम आहे आणि त्याला किमान उत्पन्नाची हमी हवी, ही त्यांची मांडणी गोऱ्या मध्यमवर्गीय स्त्रीवादाला अवघड गेली, कारण तिथे मुक्ती म्हणजे घराबाहेरची नोकरी असे समीकरण होते. टिलमन यांच्या ओळखीच्या बायका पिढ्यान्‌पिढ्या घराबाहेरच राबत होत्या.

१९६९ मध्ये चार्ल्स्टनच्या रुग्णालयांत तासाला १.३० डॉलरवर राबणाऱ्या चारशेहून अधिक कामगारांनी, बहुतेक कृष्णवर्णीय स्त्रियांनी, मेरी मोल्ट्री यांच्या नेतृत्वाखाली शंभराहून अधिक दिवस संप केला. वेतन वाढले, काढलेल्यांना परत घेतले, युनियनला मान्यता मात्र मिळाली नाही. अटलांटात डोरोथी बोल्डन यांनी १९६८ मध्ये घरकामगारांची युनियन बांधली. घरकामगार एका छताखाली येत नाहीत, म्हणून त्यांनी बसमध्ये सभासद केले. सभासद व्हायचे तर मतदार नोंदणी सक्तीची. १९७४ मध्ये किमान वेतनाचा कायदा अखेर घरकामगारांना लागू झाला.

कायद्याची आणखी एक फट १९७६ मध्ये उघडी पडली. सेंट लुईसमधील जनरल मोटर्सच्या कारखान्यात मंदीत कपात झाली; शेवटी आलेल्यांना आधी काढायचे, असा नियम. कंपनीने १९६४ पूर्वी कृष्णवर्णीय स्त्रिया जवळजवळ घेतल्याच नव्हत्या, त्यामुळे शेवटी आलेल्या त्याच. पाच जणी कोर्टात गेल्या. कंपनी स्त्रियांना घेत होती, म्हणजे लिंगभेद नाही. कृष्णवर्णीयांना घेत होती, म्हणजे वंशभेद नाही, असा न्यायालयाचा कल. त्या स्त्रिया गोऱ्या होत्या आणि ते कृष्णवर्णीय पुरुष होते, ही गोष्ट निकालात मावली नाही. कायदेतज्ज्ञ किंबर्ली क्रेनशॉ यांनी १९८९ मध्ये ज्या लेखात ‘इंटरसेक्शनॅलिटी’ ही संकल्पना मांडली, त्यात या ‘डीग्राफनरीड’ खटल्याची चिकित्सा आहे. आज ती संज्ञा विद्यापीठांतून कोणत्याही ओळखीच्या यादीला लावली जाते. मुळात तिच्यामागे नोकरी गेलेल्या पाच कामगार बायका आहेत, याचा विसर पडलेला दिसतो.

संकल्पनेला नाव मिळण्याआधी तिचा आशय चळवळीत आला होता. बॉस्टनमध्ये १९७४ पासून काम करणाऱ्या ‘काँबाही रिव्हर कलेक्टिव्ह’ या गटाचे १९७७ चे निवेदन प्रसिद्ध आहे. गटाचे नाव हॅरिएट टबमन यांनी १८६३ मध्ये ज्या नदीवरच्या मोहिमेत सातशेहून अधिक गुलाम सोडवले, तिच्यावरून घेतलेले. निवेदनापेक्षा त्यांचे १९७९ चे काम अधिक सांगण्याजोगे आहे. त्या वर्षी काही महिन्यांत शहरात बारा कृष्णवर्णीय स्त्रियांचे खून झाले. वृत्तपत्रांनी त्याकडे दुर्लक्ष केले, आणि निषेध सभेत पुरुष वक्त्यांनी बायकांना घरात राहण्याचा व पुरुषांना त्यांचे रक्षण करण्याचा सल्ला दिला. गटाने एक पुस्तिका काढली. शीर्षकात सहा स्त्रियांचा आकडा होता. पुढच्या आवृत्त्यांत तो खोडून सात, मग आठ असा बदलत गेला. आत स्वसंरक्षणाचे उपाय आणि संपर्काचे पत्ते होते, आणि हे खून वंशभेद व लिंगभेद या दोहोंचे आहेत हा मुद्दा साध्या भाषेत.

पुढच्या दोन दशकांत महाराष्ट्राशी असलेला जुना दुवा नव्याने जुळला. जोतीराव फुले यांनी ‘गुलामगिरी’ (१८७३) हे पुस्तक अमेरिकेतील गुलामांना मुक्त करणाऱ्या लोकांना अर्पण केले होते, डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांच्याशी पत्रव्यवहार केला होता, आणि १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथरने ब्लॅक पँथरवरून नाव घेतले. हे दुवे पुरुषांचे. शर्मिला रेगे यांनी १९९८ च्या लेखात कृष्णवर्णीय स्त्रीवादाशी संवाद साधत दलित स्त्रीवादी भूमिका मांडली: स्त्री चळवळीने जात बाजूला ठेवली आणि दलित चळवळीने स्त्री. ऊर्मिला पवार आणि मीनाक्षी मून यांचे ‘आम्हीही इतिहास घडवला’ हे पुस्तक त्याआधी, १९८९ मध्ये, आंबेडकरी चळवळीतील स्त्रियांच्या मुलाखतींतून तेच काम करत होते.

१९८०नंतरच्या चळवळींत विषय फुटत गेले. हेझल जॉन्सन यांनी शिकागोच्या आल्टगेल्ड गार्डन्स या, कचरा-भराव आणि कारखान्यांनी वेढलेल्या वस्तीत घरोघर जाऊन आजारांची नोंद केली आणि पर्यावरण-न्यायाची चळवळ उभी करण्यात वाटा उचलला. १९९४ मध्ये शिकागोत बारा कृष्णवर्णीय स्त्रियांनी प्रजननविषयक न्यायाची संकल्पना मांडली. गर्भपाताच्या हक्काइतकाच मूल होऊ देण्याचा आणि ते सुरक्षित वाढवण्याचा हक्क, हा तिचा गाभा. सक्तीच्या नसबंदीचा अनुभव असलेल्या समाजाला तो वेगळा समजावून सांगावा लागला नाही. अनिता हिल यांच्या लैंगिक छळाबाबतच्या १९९१ च्या साक्षीनंतर सोळाशेहून अधिक कृष्णवर्णीय स्त्रियांनी वर्गणी काढून ‘न्यूयॉर्क टाइम्स’मध्ये पूर्ण पानाचे निवेदन छापले. तराना बर्क यांनी ‘मी टू’ हे शब्द २००६ पासून गरीब वस्त्यांतील मुलींबरोबरच्या कामात वापरले. जगभर ते गेले २०१७ मध्ये, चित्रपट तारकांच्या तोंडून. २०१३ मध्ये तीन कृष्णवर्णीय स्त्रियांनी सुरू केलेल्या ‘ब्लॅक लाइव्ह्ज मॅटर’मध्येही पोलिसांच्या हातून मेलेल्या पुरुषांचीच नावे पुढे राहिली, म्हणून पुढच्या वर्षी स्त्रियांची नावे घेणारी ‘से हर नेम’ ही वेगळी मोहीम काढावी लागली.

घरकामाचा प्रश्न अजून मिटलेला नाही. १९७४ च्या दुरुस्तीतून वृद्ध-आजाऱ्यांना घरी सांभाळणाऱ्या सेविका वगळल्या गेल्या होत्या. न्यूयॉर्कमधील एव्हलिन कोक या जमैकन सेविकेने जादा कामाच्या वेतनासाठी दिलेला लढा २००७ मध्ये सर्वोच्च न्यायालयात हरला. २०१३ मध्ये केंद्रीय कामगार खात्याने नियम बदलून बहुतेक सेविकांना वेतन कायद्याखाली आणले. न्यूयॉर्क राज्याने २०१० मध्ये घरकामगारांच्या हक्कांचा देशातला पहिला स्वतंत्र कायदा केला आणि काही राज्ये त्याच्या मागे गेली. युनियन करण्याचे संरक्षण देणाऱ्या १९३५ च्या केंद्रीय कायद्यातून मात्र घरकामगार आजही वगळलेले आहेत.